सिस्टर मॉर्गनची गुरुवारची फेरी

विलायतेहून परतल्यापासून गोंदियाच्या बाजारात मला कोणी सरळ चालू देत नाही. राइस मिलचे मुनीम, स्टेशनवरचे बाबू, बिडीच्या कारखान्यातले ओळखीचे, सगळे थांबवून विचारतात: बोट कशी असते, गोरे लोक काय खातात, राणी दिसली का. राणी दिसली नाही. बोटीचंही मी फार सांगणार नाही. तीन आठवडे नुसतं पाणी, त्यातले पहिले पाच दिवस ओकाऱ्या, एवढ्यात ती कहाणी संपते. पण पुढच्या तीन महिन्यांत जे पाहिलं, ते कोणाला तरी सविस्तर सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मी हाडांचा डॉक्टर. आमचं घराणं माळव्यातून इकडे आलेलं, पिढ्यान्‌पिढ्या धान पिकवणारं. त्यात हाडं जोडण्याचा नाद लागलेला मी पहिलाच. गोंदियाच्या आमच्या दवाखान्यात हे काम मी एकटा पाहतो. आमगाव, देवरी, पार अर्जुनी-मोरगावहून माणसं गाडीत घालून आणतात. मी ओढतो, बसवतो, प्लास्टर घालतो. माणूस घरी जातो आणि पुष्कळदा पुन्हा दिसत नाही. दिसलाच तर दोन वर्षांनी, वाकडं जुळलेलं हाड घेऊन. याचं दुःख मी करत असे, पण कारण मला एकच सुचे: माझी विद्या कमी पडते. मोठी ऑपरेशनं शिकली पाहिजेत.

म्हणून एका वैद्यकीय संस्थेनं परदेशातली हॉस्पिटलं पाहण्यासाठी प्रवासी शिष्यवृत्तीचे अर्ज मागवले, तेव्हा मी लगेच अर्ज टाकला. निवड झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी मी ते इतक्या वेळा वाचलं की घडीवर कागद फाटला. आधी लंडन, मग इंग्लंडच्या पश्चिमेकडचं एक हॉस्पिटल, आणि शेवटी व्हिएन्ना. मोडलेल्या हाडांवरची मी अभ्यासलेली अर्धी विद्या व्हिएन्नात जन्मलेली. तिथे आपण उभे राहणार या कल्पनेनं मला हसू आवरत नव्हतं. पत्रात एक अट होती. पाहुण्या डॉक्टरनं फक्त पाहायचं, कोणत्याही रोग्याला हात लावायचा नाही. अट मोडली तर शिष्यवृत्ती तिथेच संपणार.

आमच्या दवाखान्यात प्लास्टरचं काम लक्ष्मण करतो. वयानं माझ्याहून मोठा, हात अगदी हलका. मी निघण्याची तयारी करत होतो तेव्हा तो पट्ट्या गुंडाळत म्हणाला, "साहेब, एवढ्या दूर काऊन जाऊन राहिले? तेथच्या लोकायचे हाडं का अलग राहतेत?"

"हाडं तीच रे. जोडायची रीत वेगळी."

"मंग पाहून या," तो म्हणाला. "पण मले जमन असंच शिकून या."

लंडन

लंडनमध्ये मी दोन आठवडे होतो आणि त्या दोन आठवड्यांत तीन वह्या भरल्या. सकाळी आठला ऑपरेशनची खोली, दुपारी वॉर्ड, संध्याकाळी पुस्तकालय. मांडीच्या मोडलेल्या हाडात वरून लांब पोलादी खिळा ठोकताना मी पहिल्यांदा पाहिला. खिळा आत जाताना क्ष-किरणांचं यंत्र टेबलाशेजारीच उभं, हवं तेव्हा फोटो. आमच्याकडे असा रोगी तीन-तीन महिने वजनं लावून खाटेला खिळलेला असतो; इथे तो दोन-तीन आठवड्यांत कुबड्या घेऊन चालत होता. मी भिंतीशी उभा राहून इतका पुढे झुकत असे की एका नर्सनं मला दोनदा कोपराला धरून मागे ओढलं.

एक गंमत सांगतो. तिथे शस्त्रक्रिया करणाऱ्याला डॉक्टर म्हणत नाहीत, मिस्टर म्हणतात. मी एका नामांकित सर्जनना आदरानं 'डॉक्टर' म्हटलं, तर आजूबाजूचे विद्यार्थी खाली बघून हसले. आपल्याकडे गावात इंजेक्शन टोचणाराही डॉक्टर, आणि इथे माणूस शिकत शिकत सगळ्यात वर पोचला की पुन्हा मिस्टर होतो.

जेवणाचं मात्र कठीण. युद्धातलं रेशनिंग नुकतंच उठलं होतं, तरी ताटात उकडलेला बटाटाच. भाताशिवाय माझं पोट भरत नाही हे घरमालकिणीला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिनं मनावर घेतलं. रविवारी मोठ्या कौतुकानं झाकलेलं भांडं समोर ठेवलं. झाकण काढलं तर आत दुधात साखर घालून भट्टीत भाजलेला तांदूळ, वर तपकिरी साय. आमच्या खिरीची थोरली बहीण म्हणायची, पण मी वरण-भाताच्या आशेनं बसलेलो. पुढच्या रविवारी मी स्वयंपाकघर मागून घेतलं आणि बरोबर आणलेला आमच्याकडचा सुवासिक चिन्नोर तांदूळ शिजवला. वास जिन्यावर गेला. वरच्या मजल्यावरचे दोन भाडेकरू काय शिजतंय ते पाहायला खाली आले आणि जेवूनच वर गेले.

पश्चिमेकडे

लंडनहून गाडीनं पश्चिमेला गेलो, तिथे पहिली फजिती झाली. तिकडच्या डब्यांच्या दारांना आतून कडी नसते. खिडकीची काच खाली करायची, हात बाहेर काढायचा आणि बाहेरची मूठ फिरवायची. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझं स्टेशन आलं, मी दार ढकलतोय, खांद्यानं रेटतोय, आणि गाडी सुटली. गोंदिया जंक्शनवर लहानपणापासून गाड्या पाहत आलेला मी, दार उघडता न आल्यामुळे पुढच्या स्टेशनावर पोचलो. तिथल्या हमालानं दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं, आणि न हसता मला चहा पाजून उलट्या गाडीत बसवून दिलं. या वेळी काच त्यानं स्वतःच खाली करून ठेवली.

हॉस्पिटल गावाबाहेर माळावर होतं. लांबलचक लाकडी पडव्या, आणि प्रत्येक पडवीला एका बाजूनं भिंतच नाही. क्षयानं मणके किडलेले, पोलिओनं पाय गेलेले रोगी उघड्या हवेत खाटांवर पडलेले. नोव्हेंबरची थंडी अशी की गोंदियाच्या शिंप्याकडून शिवून घेतलेला माझा कोट कागदासारखा वाटत होता. आणि हे लोक गळ्यापर्यंत ब्लँकेट ओढून गप्पा मारतायत, एका खाटेच्या पायथ्याशी चिमणी बसलीय. सूर्य, हवा, दूध आणि धीर, हे तिथलं मुख्य औषध. क्षयावरची नवी इंजेक्शनं आली होती, पण खाटा त्यांनी आत नेल्या नव्हत्या. आमच्याकडे तर सूर्य फुकट पडलेला असतो आणि आम्ही रोग्याला कोंदट खोलीत ठेवतो. मी त्याच दिवशी पडवीची मापं वहीत काढली.

तिथले मुख्य सर्जन मिस्टर हॅलम. साठी उलटलेले, उंच, कमी बोलणारे. तीन दिवस मी त्यांच्या मागे सावलीसारखा होतो. बुधवारी संध्याकाळी ते म्हणाले, "उद्या ऑपरेशनला येऊ नका. सिस्टर मॉर्गनबरोबर जा."

मला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी खुब्याच्या सांध्याचं एक अवघड ऑपरेशन होतं, त्यासाठी मी सात समुद्र ओलांडून आलो होतो. मी तसं सुचवूनही पाहिलं. ते म्हणाले, "ऑपरेशन मी पुढच्या आठवड्यातही करणार आहे. जा."

सिस्टर मॉर्गनच्या गाडीत

सिस्टर मॉर्गन पन्नाशीची, बुटकी, गालांवर उन्हावाऱ्याचा लाल रंग. तिची छोटी काळी गाडी मागच्या बाजूनं प्लास्टरच्या डब्यांनी आणि लहान-मोठ्या बुटांनी भरलेली. तिनं नाव सांगताच मी म्हणालो की आमच्याकडे मोरगाव नावाचं गाव आहे. ती म्हणाली, "मग आपण नात्यातलेच," आणि गाडी अशी सोडली की मी दाराची मूठ धरली.

दर गुरुवारी ती डोंगरातल्या तीन गावांना जायची. गावातल्या प्रार्थनामंदिराचा दिवाणखाना, मध्ये शेगडी, भिंतीशी बाक, आणि बाकावर हॉस्पिटलातून घरी गेलेले रोगी. ज्यांची ऑपरेशनं वर्षापूर्वी झाली तेही, कालपरवा प्लास्टर घातलेली तान्ही बाळंही. ती प्रत्येकाला नावानं ओळखत होती. प्लास्टरचा वास घ्यायची, बोटांचा रंग पाहायची, बूट उलटा करून टाच कुठे झिजली ते बघायची. एका बापानं मुलाच्या पायाची पट्टी आठ दिवस काढून ठेवली होती. त्याला ती म्हणाली, "पाय तुझा असता तर काढली असतीस का?" तो उंचापुरा गडी टोपी चुरगाळत उभा राहिला.

मला सगळ्यात ओढून घेतलं ते एका बाळानं. दोन्ही पावलं जन्मतः आत वळलेली. अशी बाळं मी गोंदियात किती पाहिली असतील. सिस्टरनं प्लास्टर घातलं नाही. तिनं आईलाच बाळाचा पाय हातात घेऊन दाखवायला लावलं. पाजायच्या आधी प्रत्येक वेळी पाऊल कसं बाहेर वळवायचं, किती जोर, किती वेळ. आईचा अंगठा चुकीच्या जागी गेला की ती हलकेच उचलून बरोबर जागी ठेवायची. "मी आठवड्यात एकदा येते," ती मला म्हणाली. "ही दिवसातून सहा-सात वेळा पाजते. मग डॉक्टर कोण?"

मी लंडनमध्ये इतकं काही पाहिलं होतं, पण अंगात असं वारं भरलं नव्हतं. माझ्या रोग्यांचं काय होतं ते मला तिथे बाकावर बसल्या बसल्या कळलं. ते परत येत नाहीत, कारण मी त्यांच्याकडे जात नाही. दुपारी तिथल्या बायांनी तव्यावर भाजलेल्या मनुकांच्या गोड भाकऱ्या दिल्या, त्या मी एका हातानं खात होतो आणि दुसऱ्यानं लिहीत होतो.

तिसऱ्या गावात पोचलो तेव्हा पाऊस दाट झाला होता. अर्धे रोगी तपासून झाले होते आणि एक बाई धावत आत आली, चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेली. तिचा नवरा ओवेन, शेतकरी. गवताच्या गाडीवरून उतरताना घसरला, टाच दगडांच्या फटीत अडकली आणि अंग पुढे गेलं. गावचा डॉक्टर नदीपलीकडे बाळंतपणाला गेला होता. पुलावर पाणी आलेलं. अँब्युलन्सला टपाल कचेरीतून फोन झाला होता, पण ती वरच्या पुलानं वळसा घालून येणार, दोन तास तरी लागणार.

आम्ही गेलो. ओवेन स्वयंपाकघरात जमिनीवर पडला होता. पाऊल घोट्यातून बाहेर वळून भलत्याच दिशेला गेलेलं, आणि आतल्या बाजूला हाडाचं टोक कातडीला इतकं ताणत होतं की कातडी पांढरीफटक पडली होती. मी गुडघ्यावर बसलो. बोटं गार. पावलावर नाडी शोधली, सापडली नाही.

सिस्टरनंही पाहिलं. ती म्हणाली, "दोन तास ही कातडी टिकणार नाही."

"नाही टिकणार."

"मी पट्टी बांधू शकते. हे ओढून बसवणं माझं काम नाही." ती माझ्याकडे बघत होती.

मी तिला अट सांगितली. हात लावला तर मी उद्या परत जाणार. व्हिएन्ना राहून जाईल, गोंदियाला काय तोंड दाखवू ते वेगळंच. ओवेननं सगळं ऐकलं होतं. त्यानं दात आवळून विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात का?"

"हाडांचा आहे."

"हे कधी केलंय?"

"पुष्कळदा. असंच, जमिनीवर."

"मग करा," तो म्हणाला.

त्याची बायको ब्रँडीची बाटली घेऊन आली, ती सिस्टरनं बाजूला ठेवली. पुढे हॉस्पिटलात भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं. मी कोट काढला. ओवेनचा गुडघा वाकवून सिस्टरला मांडी धरून ठेवायला सांगितलं, म्हणजे पोटरी सैल पडते. एका हातात टाच, दुसऱ्यात पाऊल. सावकाश ओढत गेलो. त्यानं टेबलाचा पाय मुठीत धरला होता, टेबल हललं आणि वरचा पेला खाली पडून फुटला. मग हाताखाली तो ओळखीचा खट् झाला. पाऊल आत वळलं, सरळ आलं.

कातडीचा पांढरा रंग हळूहळू गुलाबी होत गेला. मी पुन्हा पावलावर बोटं ठेवली, वाट पाहिली, आणि बारीक नाडी बोटाखाली उडायला लागली. मी सिस्टरचं बोट धरून तिथे टेकवलं. ती म्हणाली, "आहे." सूज येणार होती म्हणून पूर्ण प्लास्टर न घालता मागून अर्धंच घातलं, वरून पट्टी गुंडाळली. अँब्युलन्स आली तोपर्यंत ओवेन मला विचारत होता की गोंदियाला गाई कोणत्या जातीच्या असतात.

मिस्टर हॅलमच्या खोलीत

दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावणं आलं. आदल्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं आणि पेटी मी भरूनच ठेवली होती. खोलीत काचेच्या दिव्यावर ओवेनच्या घोट्याचा फोटो लावलेला. हॅलम पाठमोरे उभे राहून तो पाहत होते.

"तुम्ही अट मोडली," ते म्हणाले.

"हो."

"सिस्टर सांगते की तिनं तुम्हाला करायला लावलं."

"नाही. तिनं फक्त मांडी धरली. ठरवलं मी."

ते वळले. "मला तुमच्या संस्थेला लिहावं लागेल. जे झालं ते सगळं लिहीन. पाऊल किती गार होतं, अँब्युलन्स किती लांब होती, तुम्ही काय केलं. आणि मी तिथे असतो तर मीही तेच केलं असतं, हेही लिहीन." मग फोटोकडे बोट दाखवून म्हणाले, "एक स्क्रू घालावा लागेल. आज दुपारी. या पाहायला. पण हात मागे बांधून उभे राहा."

दुपारी मी खरोखर हात मागे बांधून उभा होतो. भूल देण्याआधी ओवेननं मान वळवली, मला शोधलं आणि नुसती भुवई उडवली.

संस्थेचं उत्तर यायला तेरा दिवस लागले. ते तेरा दिवस मी पेटी रिकामी केली नाही. लागेल तो सदरा वरच्या वर काढायचा. पत्र छोटं होतं. घडलं त्याची नोंद घेतली आहे, पुन्हा घडू नये, दौरा पुढे चालू ठेवावा. मी ते वाचून पडवीतून पळतच सिस्टर मॉर्गनच्या गाडीशी गेलो. तो गुरुवार होता.

त्या तेरा दिवसांत माझ्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली होती. आता व्हिएन्नाचा रस्ता मोकळा झाल्यावर ती मला सिस्टरला सांगावी लागली. मी संस्थेला विनंती करणार होतो की व्हिएन्नाचे चार आठवडे मला इथेच द्या, या फेऱ्यांसाठी.

सिस्टरनं गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली. समोर मेंढ्या रस्ता ओलांडत होत्या. "व्हिएन्ना सोडून माझ्या गाडीत बसणार? तब्येत बरी आहे ना?"

"पोलादी खिळा आणि ते क्ष-किरणांचं यंत्र आमच्याकडे येईल तेव्हा येईल," मी म्हणालो. "तुमचं काम मला गेल्या गेल्या सुरू करता येईल."

"गाडी आहे तुमच्याकडे?"

"बस आहे."

तिनं मेंढ्या जाऊ दिल्या. "मग आज बाळाचा पाय आईला तुम्ही समजावून सांगा," ती म्हणाली. "हात न लावता. तोंडानं सांगणं हेच खरं अवघड असतं."

ते खरंच अवघड होतं. माझं इंग्रजी त्या डोंगरातल्या बायांना कळेना आणि त्यांचं मला. शेवटी मी एका चिंधीची बाहुली केली आणि तिच्या पायावर दाखवायला लागलो. पुढे संस्थेनं विनंती मान्य केली, आणि त्या चार आठवड्यांत मी व्हिएन्नात पाऊलही टाकलं नाही. पण बारा फेऱ्या केल्या, कारण मंगळवारी आणि शनिवारी दुसऱ्या सिस्टर जायच्या त्यांच्याबरोबरही गेलो.

कामठा

परतल्यावर दवाखान्यात वरिष्ठांना पटवायला थोडे दिवस गेले. शेवटी आठवड्यातला एक बुधवार मिळाला. पहिलं गाव कामठा. मी आणि लक्ष्मण प्लास्टरचा डबा, कापूस, बादली घेऊन सकाळच्या बसनं गेलो आणि शाळेच्या ओसरीवर सतरंजी टाकून बसलो. गावात माझ्या हातची सात-आठ माणसं होती. दुपारचे बारा वाजले तरी एकही आलं नाही.

लक्ष्मण उठला. "साहेब, आपणच जाऊ."

गावाबाहेर धानाचे पुंजणे रचलेले, खळ्यांवर मळणी चालू. एका खळ्यावर एक बाई पेंढ्या झोडत होती. बाजूला गवतावर गोधडी, गोधडीवर आठ महिन्यांची मुलगी. मी ओळखली. परतल्यावर पहिल्याच आठवड्यात तिच्या दोन्ही पावलांना प्लास्टर घातलं होतं आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं होतं. पायांवर आता प्लास्टर नव्हतं.

बाई आम्हाला पाहून थबकली. "कायले आले, डॉक्टरसाहेब?"

"पोरीचे पाय पाहाले आले," लक्ष्मण म्हणाला. "पलस्तर कोठं गेलं?"

"भिजलं. रडून राहिली होती. विळ्यानं कापलं म्या." ती आमच्याकडे न पाहता बोलत होती. शिव्या खायची तिची तयारी होती.

मी पेंढ्यावर बसलो आणि पोरीला मांडीवर घेतलं. पावलं पुन्हा आत वळायला लागली होती, पण अजून मऊ होती. लक्ष्मणनं बादलीत पाणी आणलं. प्लास्टर भिजवायच्या आधी मी त्या बाईला जवळ बसवलं आणि तिच्या हातात पोरीचं पाऊल दिलं. पेंढ्या झोडून तिचे तळवे खरखरीत झालेले. पहिल्यांदा तिनं भीत भीत धरलं. मी तिचा अंगठा उचलून हाडाच्या बाहेरच्या बाजूला ठेवला.

"आता वळवा. अजून थोडं. दुखलं तर ती सांगेल."

पोर रडली नाही. बाईनं पुन्हा केलं, न सांगता तिसऱ्यांदाही केलं. म्हणाली, "हे तं मी रोज करीन. आंगाले तेल लावतानी."

लक्ष्मणनं प्लास्टर घातलं. ते सुकेपर्यंत ती पोरीचा पाय उन्हात धरून बसली. ते भिजू द्यायचं नाही, पुढच्या बुधवारी उतरवून पुन्हा हातानं वळवायचं, मग नवं, आणि रोजचं वळवणं प्लास्टर कायमचं सुटल्यावर, हे मी समजावलं. आम्ही सामान आवरून निघालो तेव्हा तिनं मागून हाक मारली.

"बुधवारी येजा. पण दुपारी नोका येऊ. दिवसभर साऱ्यायचे हात धानात राहतेत, शाळेत कोण येईन? दिवस कलता येजा."

मी खिशातून वही काढली आणि कामठ्यापुढे लिहिलेली सकाळची वेळ खोडली. पुढच्या बुधवारी आम्ही चारच्या बसनं गेलो. ओसरीवर नऊ जण बसले होते.